खुब्यातल्या गाठीमुळं हाडं मऊ पडलीत? फॉस्फरसच्या टेस्टपासून ऑपरेशन आणि पुढच्या वर्षभरापर्यंत काय काय करायचं

हे कुणासाठी लिहितोय ते आधी सांगतो. ज्या माणसाला वर्ष-दोन वर्षांपासून कंबर, खुबा, बरगड्या, टाचा असं जागा बदलून बदलून दुखायलंय, मांडी घालून बसलं की उठायला हाताचा टेकू लागायलाय, जिन्यावर पाय उचलंना, चालताना दोन्हीकडं झुलायलंय, एक्सरेत कधी इथं क्रॅक कधी तिथं क्रॅक निघायलेत, आणि व्हिटॅमिन डी ची साठ हजारवाली पावडर, कॅल्शियम, मणक्यातल्या गॅपच्या गोळ्या, पट्टा, मालिश सगळं करून झालंय तरी काडीचा फरक नाही, अशा माणसाच्या घरच्यांसाठी. आजार दुर्मिळ आहे, प्रत्येक कंबरदुखीला हाच असतो असं समजून घाबरू नका. पण ज्याला असतो त्याची वर्षानुवर्षं वाया जातात, आणि नीट ऑपरेशन झालं तर माणूस उठून चालायला लागतो, म्हणून सविस्तर लिहितोय. मी डॉक्टर नाही. सेलू तालुक्यातल्या आमच्या मामांना हा आजार निघाला, त्यांच्या फायली घेऊन फिरताना जे विचारलं, वाचलं, बघितलं ते इथं आहे. औषधाचा डोस मात्र तुमच्याच डॉक्टरांना विचारून.

आजाराचं नाव ट्यूमर इंड्यूस्ड ऑस्टिओमलेशिया, डॉक्टर लोक टीआयओ म्हणतात. जुन्या कागदावर ऑन्कोजेनिक ऑस्टिओमलेशिया असंही लिहिलेलं दिसंल. ऑन्को बघून घरात रडारड सुरू करू नका, ही गाठ बहुतेक वेळा कॅन्सरची नसते. असते छोटी, बऱ्याचदा एक-दोन सेंटिमीटरची, हाडात नाहीतर मांसात दडून बसलेली, वरून हाताला लागत पण नाही. ती एफजीएफ२३ नावाचं हार्मोन जास्तीचं सोडते. ते हार्मोन किडनीला फॉस्फरस धरून ठेवू देत नाही, सगळा लघवीवाटं जातो, आणि वरून व्हिटॅमिन डी चं जे कामाचं रूप किडनीत तयार होतं ते पण दाबून टाकतं. फॉस्फरस नसला की हाडाचा साचा तयार होतो पण तो टणक होत नाही. म्हणून हाड मऊ पडतं, नुसत्या वजनानं त्याला चिरा जातात, आणि स्नायूंची ताकद जाते ती वेगळीच.

ह्या आजाराच्या सुरुवातीच्या केसमध्येच गाठ मांडीच्या हाडात होती. १९४७ साली मॅकान्स नावाच्या डॉक्टरांनी ती लिहिली, गाठ काढली आणि पेशंट बरा झाला, तरी दोष व्हिटॅमिन डी लाच दिला गेला. गाठ हेच मूळ आहे हे १९५९ मध्ये प्रेडर यांनी मांडलं आणि एफजीएफ२३ चं नाव यात आलं ते २००१ मध्ये. म्हणजे आपल्या तालुक्याच्या डॉक्टरांना हे पटकन सुचलं नाही तर त्यांच्यावर डाफरण्यात अर्थ नाही.

आता खुब्याच्या बाबतीत खरा घोळ कुठं होतो ते सांगतो, बाकी सगळा लेख यावरच आहे. मऊ हाडाला सगळ्यात आधी चीर जाते त्यातली एक जागा म्हणजे खुब्याच्या गोळ्याखालची मान. आणि गाठ पण खुब्यात असू शकते. म्हणजे खुब्यावर दोन वेगळी ऑपरेशनं होऊ शकतात, एक मोडलेलं हाड जोडायचं आणि एक गाठ काढायचं. पहिलं करून माणूस घरी आला तर आजार तसाच, दुसऱ्या पायाला चीर जाणारच. त्यामुळं कुणीही खुब्याचं ऑपरेशन सांगितलं की एकच विचारायचं, "साहेब, ह्यात तुम्ही हाड जोडणार का गाठ काढणार?"

पहिली पायरी, आजार कागदावर सिद्ध करा

टेस्ट साधी आहे, उपाशीपोटी रक्तातला फॉस्फरस. तालुक्याच्या लॅबमध्ये पण होतो आणि स्वस्तात होतो, पण नेहमीच्या तपासण्यांच्या यादीत तो नसतो म्हणून कुणी बघत नाही. मोठ्या माणसाचा साधारण २.५ ते ४.५ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) असायला पाहिजे, टीआयओ मध्ये बहुतेकदा २ च्या खाली. आमच्या मामांची फाईल हे एवढी जाड, तीन एमआरआय त्यात, पण फॉस्फरस एकदाही नव्हता, जेव्हा केला तेव्हा १.४ निघाला. सोबत कॅल्शियम, अल्कलाइन फॉस्फेटेज, क्रिएटिनिन, पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथीचं हार्मोन) आणि व्हिटॅमिन डी करून घ्या. चित्र असं दिसतं: फॉस्फरस कमी, अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं, कॅल्शियम बऱ्यापैकी नॉर्मल. व्हिटॅमिन डी आपल्याकडं अर्ध्या गावाचं कमी असतं, इथंच फसगत होते, कमी डी बघून तिथंच फाईल बंद होते. डी भरून काढल्यावर पण फॉस्फरस खालीच असंल तर पुढं जायचं.

मग बघायचं की फॉस्फरस लघवीतून चाललाय का. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी सोडून द्यायची, काही न खाता दुसरी द्यायची आणि त्याच वेळेला रक्त पण द्यायचं. दोन्हीतला फॉस्फरस आणि क्रिएटिनिन मोजायचं. हिशोब कुणालाही जमतो. लघवीचा फॉस्फरस गुणिले रक्तातलं क्रिएटिनिन, त्याला भागायचं रक्तातला फॉस्फरस गुणिले लघवीतलं क्रिएटिनिन यानं. समजा लघवीत फॉस्फरस ४० आणि क्रिएटिनिन ६०, रक्तात फॉस्फरस १.६ आणि क्रिएटिनिन ०.६. तर वरती २४, खाली ९६, उत्तर ०.२५. म्हणजे किडनी पाव हिस्सा फॉस्फरस बाहेर फेकायलीय आणि ०.७५ ठेवून घ्यायलीय. हे ०.७५ रक्तातल्या १.६ ला गुणलं की १.२ येतं, ह्या आकड्याला डॉक्टर टीएमपी बाय जीएफआर म्हणतात आणि मोठ्या माणसात तो साधारण अडीचच्या वर पाहिजे. (हा गुणाकाराचा सोपा हिशोब किडनी ०.८६ किंवा त्यापेक्षा कमी ठेवून घेत असंल तेव्हाच चालतो, त्याच्या वर असंल तर डॉक्टर वेगळं सूत्र लावतात.) रक्तात आधीच एवढा कमी असताना किडनीनं थेंब थेंब वाचवायला पाहिजे होता, ती वाटायलीय, म्हणजे गडबड आहे.

टेस्टच्या आधी फॉस्फरसचं औषध चालू असंल तर ते किती दिवस बंद ठेवायचं हे विचारून घ्या, नाहीतर आकडे खोटे येतात.

एफजीएफ२३ ची टेस्ट मोठ्या लॅबमार्फत होते, सॅम्पल बाहेर जातं, महाग आहे. वाढलेलं आलं की शंका पक्की होत जाते. फॉस्फरस एवढा कमी असताना एफजीएफ२३ नुसतं नॉर्मल आलं तरी ते नॉर्मल धरत नाहीत हे लक्षात ठेवा, कारण अशा वेळी ते खाली जायला पाहिजे.

दुसरी कारणं आधी कटवायची. रक्त वाढायची जी लोहाची सलाईन देतात, त्यातल्या फेरिक कार्बोक्सिमाल्टोजनं फॉस्फरस चांगलाच पडतो, आपल्याकडं बायकांना ही सलाईन सर्रास लावतात म्हणून मुद्दाम सांगतो. टेनोफोविर हे एचआयव्ही आणि कावीळ बी वरचं औषध, ते पण किडनीतून फॉस्फरस घालवतं. लहानपणापासून पाय वाकडे आणि घरात अजून कुणाला तसंच असंल तर जन्मजात प्रकार. नांदेड जिल्ह्यातल्या काही गावांत पाण्यात फ्लोराईड जास्त आहे, तिथल्या पेशंटच्या आखडलेल्या सांध्यांना फ्लोरोसिस म्हणून बाजूला काढतात, ते बरोबर पण असतं, पण फॉस्फरस करायला काय जातंय?

आणि एक इशारा. बोन डेन्सिटीच्या मशीनवर हाड कमी दिसलं की ऑस्टिओपोरोसिस म्हणून वर्षाला एक सलाईन देतात, झोलेड्रोनिक ॲसिडची. मशीनला पोकळ हाड आणि मऊ हाड यातला फरक कळत नाही. मऊ हाडाच्या माणसाला ती दिली तर कॅल्शियम धाडकन पडू शकतं आणि मूळ दुखणं तसंच राहतं. फॉस्फरस आणि कॅल्शियम बघितल्याशिवाय घेऊ नका.

दुसरी पायरी, गाठ शोधा, आणि घाई करू नका

सगळ्यात कामाचा स्कॅन म्हणजे गॅलियम ६८ डोटाटेट पेट सीटी. ह्या गाठींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन नावाच्या हार्मोनला पकडणारे रिसेप्टर असतात, स्कॅनसाठी टोचलेलं औषध तिथं जाऊन चिकटतं आणि जागा चमकते. कॅन्सरसाठी नेहमी करतात तो एफडीजी पेट वेगळा, फॉर्मवर नाव नीट वाचा. गॅलियम ६८ किरणोत्सर्गी आहे, अर्ध्यावर यायला त्याला ६८ मिनिटं लागतात फक्त, म्हणजे लांबून मागवून ठेवायचं काम नाही, ज्या सेंटरला ते तयार करायची सोय आहे तिथंच होतो. आपल्याला मुंबई, पुणे नाहीतर हैदराबाद. फोन करून तारीख घ्या, नुसतं पेट स्कॅन होतो का विचारू नका, डोटाटेट होतो का आणि कुठल्या वारी होतो ते विचारा.

स्कॅन डोक्याच्या टाळूपासून पायाच्या बोटापर्यंत पाहिजे, हात पण त्यात पाहिजेत. नेहमीचा पेट मांडीपर्यंतच घेतात आणि ही गाठ तळपायात किंवा नाकाच्या मागच्या पोकळीत पण सापडते. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून तसं लिहूनच घ्या.

आता खुब्याचा पेच. ताज्या मोडलेल्या हाडाच्या जागी पण थोडं चमकतं. म्हणजे खुब्याच्या मानेला चीर आहे आणि स्कॅनमध्ये तिथंच चमकलं, तर ती गाठ आहे का चीर आहे? चीर असली तर चमक सहसा फिकी असते, गाठीची जास्त ठळक, पण नुसत्या चमकीवर कुणी सुरी उचलू नये. त्यासाठी त्याच जागेचा एमआरआय आणि बारीक कापांचा सीटी करून तिथं खरंच गाठीसारखं काही दिसतंय का हे जुळवतात. खुब्याच्या गोळ्यातली गाठ एमआरआयमध्ये कधी कधी गोळा सुकल्यासारखी, म्हणजे एव्हीएन सारखी पण वाटू शकते. म्हणून अस्थिरोगवाले, एंडोक्राइनवाले म्हणजे हार्मोनचे डॉक्टर आणि स्कॅन वाचणारे असे तिघं एका जागी बसून फोटो बघतील असं हॉस्पिटल निवडा. मुंबईच्या केईएम मध्ये एंडोक्राइनचा वेगळा विभाग आहे, चंदीगडचं पीजीआय आणि वेल्लोरचं सीएमसी इथं पण ह्या आजाराचा अनुभव आहे. आपल्याकडं मराठवाड्यात सुरुवात संभाजीनगरच्या घाटी हॉस्पिटलात, नांदेडच्या, लातूरच्या किंवा अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजला करा, तिथून रेफर लेटर घेतलं की पुढं मुंबईत खिडकीवर बोलणं सोपं जातं.

बायोप्सी? गाठ छोटी, त्यात सुईनं पेशी वाटेत सांडायची भीती, म्हणून रक्त आणि स्कॅन दोन्ही जुळले तर बरेच डॉक्टर सरळ पूर्ण गाठच काढतात. घ्यायचीच ठरली तर जो सर्जन पुढं ऑपरेशन करणार त्यालाच विचारून, म्हणजे सुईची वाट नंतर त्याच्याच कापात निघून जाते.

स्कॅनमध्ये काहीच नाही सापडलं तर? होतं तसं. औषधावर ठेवून काही महिन्यांनी परत शोधतात.

तिसरी पायरी, ऑपरेशनपर्यंत माणूस सांभाळा

इथं दोन औषधं. फॉस्फेट, आणि कॅल्सिट्रिऑल म्हणजे व्हिटॅमिन डी चं तयार रूप. फॉस्फेट रक्तात टिकत नाही म्हणून दिवसातून चार-सहा वेळा थोडं थोडं घ्यावं लागतं, एकदम घेतलं की जुलाब लागतात. तयार पुड्या मिळतात, नाहीतर ज्यूलीज सोल्यूशन नावाचं पातळ औषध बनवून देतात, त्याच्या एका मिलीत साधारण ३० मिलिग्रॅम फॉस्फरस असतो. चव बेकार. दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नका, पोटातच एकमेकांना धरून बसतात आणि दोन्ही वाया. मामीनं मोबाईलला अलार्म लावले होते, शेतात असल्या तरी फोन करून "घेतलं का" विचारायच्या. गाठ आत असताना हे औषध म्हणजे खालचा कॉक उघडा ठेवून टाकीत बोअरचं पाणी सोडण्यातला प्रकार आहे, टाकी भरत नाही पण कोरडी पण पडत नाही, तेवढ्यापुरता आधार. जास्त दिवस जास्त डोस घेतला तर किडनीत कॅल्शियम साठतं आणि पीटीएच वाढतं, म्हणून मधून मधून रक्त, लघवी, सोनोग्राफी.

खाण्यानं हे भरून निघत नाही. अंडी, डाळी, दूध खाऊ द्या, चांगलंच आहे, पण कुणी डिंकाचे लाडू नि अमकं चूर्ण सांगितलं तर नम्रपणे बाजूला ठेवा. मालिश आणि हाडवैद्य मात्र पूर्ण बंद, मऊ हाडावर जोर दिला की कडकन मोडतं.

ह्या दरम्यान खुब्याच्या मानेत चीर दिसली तर लगेच रॉड किंवा स्क्रू टाकायचा का, हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे. हाड सरकलेलं असंल, पाय आखूड पडून बाहेर वळला असंल, पाऊलच टेकवत नसंल तर ते थांबण्यासारखं नाही, ताबडतोब अस्थिरोगवाल्याकडं. पण नुसती न सरकलेली चीर असंल तर वॉकर देऊन वजन कमी टाकत ठेवून आधी गाठ शोधणं बऱ्याच वेळा शहाणपणाचं, कारण गाठ निघाली की अशा चिरा आपोआप भरतात. काही चिरांना सरकायचा धोका जास्त असतो, तिथं सर्जन आधी स्क्रू टाकायचं म्हणतील, त्यांचं ऐका, पण फॉस्फरसचा कागद त्यांना दाखवून मग. कारण गाठ त्याच मानेत असली आणि न कळता तिच्यातूनच रॉड गेला तर गाठीच्या पेशी खाली मांडीच्या हाडात ढकलल्या जाऊ शकतात, आणि धातूमुळं नंतरचा एमआरआय नीट वाचता येत नाही. एक साधं ऑपरेशन पुढं मोठं होऊन बसतं.

प्रवासाचं पण बघा. गावातून परभणी-जालन्यापर्यंत खड्ड्यातून जीपमध्ये बसवून नेऊ नका, आडवं न्या. पुढं मुंबईला देवगिरी किंवा नंदीग्राम एक्सप्रेसला खालचा बर्थ.

चौथी पायरी, ऑपरेशन

तत्त्व एकच: गाठ एकसंध, भोवतीच्या थोड्या चांगल्या भागासकट निघाली पाहिजे. आत एक कोपरा राहिला तरी तो एफजीएफ२३ सोडत राहतो. फक्त खुबा अशी जागा आहे की जास्त काढावं तर सांधा जातो, कमी काढावं तर गाठ राहते. म्हणून गाठ नेमकी कुठं आहे यावर सगळं ठरतं.

मांसात असली, म्हणजे कुल्ल्याच्या स्नायूत, जांघेत, मांडीच्या वरच्या भागात, तर तुमचं नशीब. भोवतीच्या मांसासकट काढतात, हाडाला हात लावायची बहुतेक गरज पडत नाही.

गोळ्यात किंवा मानेत छोटी असली आणि पेशंट तरुण असंल तर सर्जन हाडाला खिडकी पाडून गाठ खरवडून काढतात, मग बारीक फिरत्या ड्रिलनं आतली भिंत अजून घासतात, कधी फिनॉलसारखं रसायन लावतात, आणि पोकळीत हाडाचा चुरा नाहीतर बोन सिमेंट भरतात. आपला सांधा वाचतो हा फायदा. पण नुसतं खरवडण्यात गाठ परत यायची शक्यता भोवतीच्या हाडासकट काढण्यापेक्षा जास्त, हे सर्जनकडून आधी स्पष्ट ऐकून घ्या. माझं मत विचारलं तर, पंचविशीतल्या पोराला हा धोका घेऊन सांधा वाचवणं समजू शकतं, पण पन्नाशीच्या माणसाचा गोळा आधीच चिरलेला असताना सांध्यासाठी अडून बसण्यात मला शहाणपण दिसत नाही. तिथं गोळा आणि मान एकत्र काढून खुबा बदलतात, म्हणजे हिप रिप्लेसमेंट. गाठ पण पूर्ण जाते, मोडलेल्या मानेचा प्रश्न पण त्याच टेबलावर मिटतो. मामांचं हेच झालं, डाव्या बाजूचं.

मानेच्या खाली मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकात मोठी असली तर तेवढा तुकडाच काढून तिथं मोठा कृत्रिम सांधा बसवतात, त्याला मेगाप्रोस्थेसिस म्हणतात. खर्च जास्त, जंतुसंसर्ग आणि सांधा निखळायचा धोका पण जास्त. आणि सगळ्यात अवघड म्हणजे खुब्याच्या वाटीत, कमरेच्या हाडात असलेली. आजूबाजूला मोठ्या नसा, पायाची मुख्य शीर, रक्तस्राव भरपूर. असं ऑपरेशन हाडांच्या गाठींचंच काम करणाऱ्या सर्जनकडं करा, रोज गुडघे बदलणाऱ्याकडं नको, तो कितीही हुशार असू द्या. टाटा मेमोरियल सारख्या ठिकाणी हाडांच्या गाठींची वेगळी टीम असते.

जागा फारच अडचणीची आणि गाठ छोटी असंल तर सीटी मध्ये बघत सुई घालून उष्णतेनं जाळायचा प्रकार आहे, रेडिओफ्रिक्वेन्सी अब्लेशन, किंवा गोठवायचा, क्रायो. कमी त्रासाचं आहे, पण तपासायला अख्खी गाठ हातात येत नाही आणि सगळी जळाली का हे फॉस्फरसच सांगतो.

ऑपरेशनच्या आधी हे विचारा, कागदावर लिहून न्या. भूलवाल्या डॉक्टरांना फॉस्फरस माहीत आहे का, कारण तो फार खाली असंल तर श्वासाचे स्नायू पण कमजोर असतात. रक्ताच्या बाटल्या किती लागतील, ह्या गाठींना रक्तपुरवठा भरपूर असतो. टेबलावर घेताना, पाय ओढताना काळजी घ्यायला सांगा, मऊ हाडं कुठं पण मोडू शकतात. सांधा सिमेंटनं बसवणार का नुसता ठोकून बसवणार, आणि मऊ हाडात तो धरंल का. काढलेल्या भागाच्या कडा मोकळ्या आहेत का, म्हणजे कडेला गाठीच्या पेशी नाहीत ना, हे पॅथॉलॉजी सांगणार का.

पॅथॉलॉजीचं तर हट्टानं बघा. तपासणीच्या फॉर्मवर फॉस्फरस कमी, टीआयओ ची शंका असं लिहिलेलं पाहिजे. ह्या गाठीचं नाव फॉस्फॅट्युरिक मेसेन्कायमल ट्यूमर, शंका लिहिली नसली तर तीच गाठ हिमँजिओपेरिसायटोमा किंवा जायंट सेल ट्यूमर म्हणून रिपोर्टला येऊ शकते. गाठीच्या काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घेऊन घरी जपून ठेवा.

पैशाचं थोडक्यात. महात्मा फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारत सोबत जोडलेली आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे. पण कुठलं ऑपरेशन कुठल्या पॅकेजमध्ये बसतं, इम्प्लांट त्यात येतो का, हे ॲडमिट व्हायच्या आधी हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राकडून कळवून घ्या. स्कॅनचा खर्च बऱ्याचदा आपल्याच खिशातून जातो हे धरून चाला. रेशन कार्ड आणि आधारवरचं नाव जुळत नसंल तर ते गावातूनच दुरुस्त करून निघा, मुंबईत बसून ते होत नाही.

पाचवी पायरी, ऑपरेशननंतरचे पहिले दिवस

खरा निकाल टाके बघून कळत नाही, फॉस्फरस बघून कळतो. गाठ पूर्ण निघाली असंल तर एफजीएफ२३ काही तासांत खाली येतं आणि फॉस्फरस बहुतेकांचा आठवडा-दहा दिवसांत नॉर्मलला पोचतो. पण त्यासाठी फॉस्फेटचं औषध बंद केलेलं पाहिजे, नाहीतर आकडा औषधाचा आहे का शरीराचा आहे कसं कळणार. कधी बंद करायचं ते टीमकडून आधीच ठरवून घ्या, आणि वॉर्ड बदलला की नर्सच्या चार्टवर ते परत लिहून आलंय का बघा. आम्ही वहीत तारीख आणि आकडा असे दोनच रकाने केले होते. दुसऱ्या दिवशी १.७, चौथ्या दिवशी २.६. ते बघून मामांना काही विशेष वाटलं नाही, त्यांना टाके दुखत होते, आम्हीच कॉरिडॉरमध्ये पेढे वाटले.

कॅल्शियमवर पण लक्ष. उपाशी हाडं एकदम कॅल्शियम ओढायला लागतात आणि रक्तातलं पडू शकतं. ओठाभोवती मुंग्या, हाताची बोटं वळायला लागली तर लगेच सांगा. कॅल्शियम आणि कॅल्सिट्रिऑल त्यासाठी काही काळ चालू ठेवतात.

दोन आठवडे उलटून फॉस्फरस जागचा हलला नाही तर गाठ राहिली असं धरून पुढची तपासणी. परत ऑपरेशन, अब्लेशन, नाहीतर औषध. बुरोसुमॅब नावाचं इंजेक्शन एफजीएफ२३ लाच बांधून टाकतं, अमेरिकेत २०२० मध्ये ते ह्या आजारासाठी मंजूर झालं, पण फक्त गाठ सापडत नाही किंवा पूर्ण काढता येत नाही अशांसाठी. किंमत आपल्या आवाक्याबाहेरची.

सहावी पायरी, घरी

फॉस्फरस नॉर्मल झाला म्हणजे हाड टणक झालं असं नाही. दुखणं आणि ताकद काही आठवड्यांत सुधारते, माणसाला वाटतं आता बरं झालं, आणि तो शेतातल्या आखाड्यावर निघतो. हाडं भरायला महिने लागतात, कुणाकुणाला वर्ष. ह्या काळात पडलं तर नवीन सांध्याच्या खाली हाड मोडतं आणि ते जोडणं फार त्रासाचं. त्यामुळं वॉकर कधी सोडायचा हे एक्सरे बघून डॉक्टर ठरवतील, शेजारी नाही.

घरात आधीच बदल करून ठेवा. झोळ पडलेली बाज नको, सांधा बदलला असंल तर खुबा गुडघ्यापेक्षा खाली जाईल असं बसायचं नसतं, फळीचा उंच पलंग पाहिजे. संडासला खुर्ची कमोड. मांडी घालून जेवायला बसणं, उकिडवं बसणं, पायावर पाय टाकणं बंद, निदान डॉक्टर सोडंपर्यंत. अंगणात शेणसड्यानं निसरडं होतं तिथं वॉकरचं रबर घसरतं, तेवढा रस्ता कोरडा ठेवा. व्यायाम फिजिओनं शिकवलेलाच, टाच ओढणं, मांडी आवळणं, उभं राहून पाय बाजूला नेणं. पोटरी एकाएकी सुजून दुखायला लागली किंवा दम लागला तर रक्ताची गुठळी समजून लगेच दवाखाना.

अल्कलाइन फॉस्फेटेज सुरुवातीला अजून वाढलं तर घाबरू नका, हाड भरायलंय म्हणून वाढतं, नंतर हळूहळू उतरतं. वाकलेला मणका आणि कमी झालेली उंची मात्र परत येत नाही, ते आधीच सांगून ठेवा घरात.

उपाशीपोटी फॉस्फरस एक, तीन, सहा महिन्यांनी आणि मग दर सहा महिने-वर्षानं करत राहायचं, ही गाठ काही वर्षांनी पण परत येऊ शकते, क्वचित फुफ्फुसात पण जाते. दुखणं परत सुरू व्हायची वाट बघायची नाही. आमच्याकडं मामांचं रक्त सोयाबीन निघाल्यावर आणि होळीच्या आधी असं दोनदा काढायचं ठरलंय, सेलूच्याच लॅबमध्ये, आणि रिपोर्टचा फोटो मामी आधी मला टाकतात, मग मामांना दाखवतात.